ऐब सांगून विकलेली गाडी

जुन्या गाड्यांच्या बाजारात 'नॉन-ॲक्सिडेंटल' हा एक शब्द आहे. त्याला मराठीत कुणी 'बिनअपघाती' म्हणत नाही. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या जाहिरातीत तोच शब्द असतो: सिंगल ओनर, नॉन-ॲक्सिडेंटल, टायर नवीन, एक रुपयाचं काम नाही. ज्या गाडीपुढे हा शब्द लावता येत नाही तिचं काय होतं, हे आम्हाला २०२४ साली कळलं. आमची वॅगन-आर उत्तम चालत होती. इंजिनला कधी हात लागला नव्हता. तरीही बाजारात तिची किंमत ७५ हजारांनी कमी निघाली. ही किंमत कमी कुणी केली, ते पैसे कुणाकडे मागायचे, आणि विकताना पुढच्याला हे सांगायचं की नाही, या तीन प्रश्नांवर आमच्या घरात महिनाभर बोलणी चालली. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लवकर मिळाली, आणि ती निराश करणारी होती. तिसऱ्या प्रश्नानं मात्र दम काढला.

अपघाताबद्दल सांगण्यासारखं फार नाही. गाडी २०१९ मध्ये कर्ज काढून घेतली होती. जानेवारी २०२२ मध्ये माझे पती मिरज-सांगली रस्त्यावर सिग्नलला थांबले होते. मागून भाजीचा टेंपो आला आणि न थांबता धडकला. कुणाला लागलं नाही, अल्हमदुलिल्लाह. डिकी मात्र आत गेली, काच फुटली, मागचा पत्रा दुमडला आणि डिकीच्या तळाच्या पत्र्याला घडी पडली. टेंपोचा चालक विशीतला पोरगा होता. रस्त्यातच हात जोडून उभा राहिला. गाडी मालकाची, पगार कापला जाईल, असं म्हणाला. हे म्हणाले, जा.

गॅरेजचं बिल ८८ हजार झालं. विम्यानं ७३,५०० दिले. उरलेले १४,५०० आम्ही भरले. पूर्ण विमा असताना हे पैसे का भरायचे, असं आमच्या सासूबाईंनी विचारलं, तेव्हा मी कागद घेऊन बसले. वर्गात टक्केवारी शिकवायची वेळ माझ्यावर येत नाही, पण हे गणित समजायला सोपं आहे. विमा कंपनी नव्या भागाचे पूर्ण पैसे देत नाही, कारण तुमचा मोडलेला भाग जुना होता. प्लास्टिक आणि रबराचे निम्मे कापतात. पत्र्याचे गाडीच्या वयानुसार कापतात, दोन ते तीन वर्षांच्या गाडीला १५ टक्के. काचेचं काही कापत नाहीत. रंगाच्या बिलातला चौथा हिस्सा मालाचा धरतात आणि त्यातले निम्मे वजा करतात. वर सक्तीचे हजार रुपये आपले. ही कपात होऊ नये म्हणून 'झिरो डेप' नावाची जोड मिळते. त्या वर्षी आम्ही ती घेतली नव्हती. याशिवाय दावा केला म्हणून पुढच्या वर्षीच्या हप्त्यातली २५ टक्के सूट शून्यावर आली. उभ्या गाडीला दुसऱ्यानं ठोकलं तरी सूट आपली जाते.

हे सगळं दिसणारं नुकसान होतं, बिलावर लिहिलेलं. न दिसणारं अडीच वर्षांनी समोर आलं.

मुलीला बी. फार्मसीला प्रवेश मिळाला. पहिल्या वर्षाची फी आणि हॉस्टेलची अनामत यासाठी गाडी विकायची ठरली. पहिल्यांदा एक एजंट घरी आला. सभ्य माणूस होता, चहा घेतला. मग खिशातून मोबाइलएवढं एक यंत्र काढलं आणि गाडीच्या अंगावर ठिकठिकाणी टेकवत फिरला. ते रंगाची जाडी मोजतं. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाड असतो. पुढच्या दारांवर आकडे त्यातच आले. मागच्या उजव्या बाजूला ३०० च्या वर गेले, म्हणजे खाली पुट्टी आहे. मग त्यानं डिकी उघडली, चटई उचलली आणि पत्र्याच्या सांध्यावरून बोट फिरवलं. कारखान्यात यंत्रमानवाच्या हातानं मारलेले वेल्डिंगचे ठिपके एकसारखे, ठरावीक अंतरावर असतात. आमच्याकडे ते कुठे दाट होते, कुठे विरळ. सांध्यावर भरलेलं सीलंटही हातानं ओढलेलं दिसत होतं.

"मॅडम, मागनं बसलेली आहे," तो म्हणाला. मी हो म्हणाले. सगळं सांगितलं. त्यानं भाव सांगितला. न बसलेली असती तर ३ लाख ६५ हजार, बसलेली म्हणून २ लाख ९०.

"पण चालायला काही फरक नाही ना?" मी विचारलं.

"चालायला काहीच नाही. पण नाव लागलं ना तिला."

नाव लागलं. माझ्या आजीच्या तोंडी हा शब्दप्रयोग बायकांबद्दल असायचा. साखरपुडा मोडलेल्या, तलाक होऊन माहेरी आलेल्या. गाडीबद्दल तो ऐकताना मला कसंसंच झालं. माणसांच्या बाबतीत हा हिशेब जुलमाचा आहे, त्याबद्दल मी या ब्लॉगवर पूर्वीही लिहिलं आहे. पत्र्याच्या बाबतीत मात्र तो अगदीच बिनबुडाचा नाही, हे मान्य केलं पाहिजे. कारखान्यात गाडीचा सांगाडा गंजरोधक रसायनाच्या हौदात पूर्ण बुडवतात, त्यामुळे पोकळ भागांच्या आतही थर बसतो. गॅरेजात वेल्डिंग करताना तो थर जळतो आणि आतून पुन्हा देता येत नाही. चार पावसाळ्यांनी गंज धरेल की नाही, हे कारागिराच्या हातावर असतं. शिवाय गाडीचे पुढचे-मागचे भाग धडक सोसून दुमडावेत, म्हणजे आतली माणसं वाचतील, अशाच मापानं केलेले असतात. एकदा दुमडून सरळ केलेला पत्रा दुसऱ्या वेळी त्याच मापानं दुमडेल का? बघून सांगता येत नाही. आणि बघून सांगता येत नाही म्हणूनच भाव पडतो. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९७० मध्ये नेमक्या जुन्या गाड्यांच्या बाजारावर निबंध लिहिला, आणि २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये त्याचा वाटा राहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: चांगली गाडी कोणती आणि खराब कोणती हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्यांनाच कमी भाव देतो, आणि चांगली गाडी असलेला माणूस बाजारातून निघून जातो.

आता हे ७५ हजार मागायचे कुणाकडे? आपल्या विम्याकडे तर नाहीच. पॉलिसीच्या कागदावर, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात, काय मिळणार नाही याची यादी असते. तिच्यात घसारा आहे, झीज आहे आणि अपघाताच्या परिणामातून उद्भवणारं नुकसानही आहे. पत्रा सरळ करून देणं एवढंच त्यांचं काम. राहिला टेंपो. त्याच्या थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीचीही तरतूद असते, आणि मोटार अपघात न्यायाधिकरण अशा मालमत्तेच्या नुकसानीचेही दावे ऐकतं. तिथे फक्त जखमी आणि मृतांचेच दावे चालतात, असा पुष्कळांचा समज आहे. आमच्या ओळखीच्या वकिलांनी मात्र वेगळाच प्रश्न केला. गाडी तेव्हा विकली नव्हती. मग किंमत कमी झाली हे दाखवणार कसं? दुरुस्तीचं बिल असतं. कमी झालेल्या किमतीचं बिल कोण देतं? हे मोजता येत नाही, म्हणून कुणी मागत नाही, असं ते म्हणाले.

मोजता येत नाही, हे मला पटलं नाही, म्हणून मी वाचायला लागले. जर्मनीत न्यायालयांनी हे नुकसान फार पूर्वीच मान्य केलं आहे. त्याला तिथे स्वतंत्र नाव आहे, 'मर्कांटिलर मिंडरवेर्ट', म्हणजे बाजारातली घट. अपघातानंतर तज्ज्ञ गाडी तपासतो तेव्हा दुरुस्तीच्या खर्चाखाली या घटीचा आकडाही लिहितो, आणि धडक देणाऱ्याचा विमा तो भरतो. अमेरिकेत जॉर्जिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये एक पाऊल पुढे टाकलं. तिथे गाडीमालकाच्या स्वतःच्या विमा कंपनीलाही ही घट विचारात घ्यावी लागते. त्या खटल्यातून विमा कंपन्यांचं एक सूत्र निघालं: गाडीच्या किमतीचे १० टक्के ही कमाल मर्यादा, मग नुकसान किती गंभीर आणि गाडी किती धावलेली यानुसार त्यात कपात. दहाच टक्के का, यावर तिथे बरीच टीका होते, आणि आमच्या गाडीचा हिशेब पाहता ती योग्यच वाटते. ३ लाख ६५ हजारांचे दहा टक्के म्हणजे साडेछत्तीस हजार. बाजारानं आमचे त्याच्या दुप्पट कापले होते. पण निदान आकडा काढायला बसतात तरी.

तुर्कस्तानात हे नुकसान धडक देणाऱ्याच्या सक्तीच्या विम्यातून मिळतं. तुर्की भाषेत त्याला 'देएर कायबी' म्हणतात. देएर म्हणजे मोल, आणि कायबीमधला 'कायप' म्हणजे अरबीतून तिकडे गेलेला आपला 'गायब'. मोल गायब होणं. हा शब्द वाचला आणि माझ्यातली भाषेची शिक्षिका जागी झाली. कारण तुर्कांकडे हा विचार जर्मनांकडून येण्याआधीच घरात होता. उस्मानी राजवटीत १८६९ ते १८७६ या काळात अहमद जेवदेत पाशा यांच्या देखरेखीखाली हनफी फिकहच्या आधारानं दिवाणी कायद्याची एक संहिता तयार झाली, 'मजल्ला'. तिच्यात १८५१ कलमं आहेत. आपल्याकडे शरीयत म्हटलं की निकाह, तलाक आणि वारसा एवढंच डोळ्यांपुढे येतं. मजल्लात निकाह-तलाक नाहीच. खरेदी, भाडं, जामीन, भागीदारी, गहाण, दुसऱ्याच्या मालाचं नुकसान, साक्षीपुरावा, असा सगळा बाजाराचा आणि कचेरीचा कारभार आहे.

त्यात एक छोटं कलम असं आहे की, कुणी दुसऱ्याच्या मालाची किंमत कमी केली तर त्या 'नुक़्सान-ए-क़ीमत'चा तो 'ज़ामिन' असतो. हे दोन्ही शब्द आपल्या मराठीत आहेत, फक्त थोडे सरकलेले. अरबीत नुक़्सान म्हणजे घट, कमी होणं. मराठीत आपण नुकसान म्हणतो तेव्हा मोडतोड डोळ्यांसमोर येते, घट येत नाही. ज़ामिन म्हणजे ज्याच्यावर भरून द्यायची जबाबदारी आहे तो. मराठीत जामीन म्हटलं की कोर्टातून सुटका. म्हणजे तुटलेलं दिसलं तरच नुकसान, आणि जामीन मिळाला की सुटलो. आमच्या प्रकरणात नेमकं तेच झालं होतं. याच मजल्लात आणखी एक तत्त्व आहे: ज्याच्या हातून प्रत्यक्ष नुकसान झालं तो ज़ामिन असतो, जाणूनबुजून केलेलं नसलं तरी. ब्रेक लागला नाही, ही सबब गुन्ह्यासाठी चालेल, भरपाईसाठी नाही. त्या पोराला आम्ही माफ केलं, ते आमच्या मर्जीनं. कायद्यानं आधी मागण्याचा हक्क दिला असता आणि मग आम्ही सोडून दिलं असतं, तर त्या माफीलाही काही वजन आलं असतं.

पण मजल्लाचं आणखी एक कलम आहे, आणि ते आमच्याच अंगावर आलं. ऐब म्हणजे काय, याची व्याख्या. व्यापारी आणि जाणकार लोकांच्या दृष्टीनं ज्यामुळे मालाची किंमत कमी होते, तो ऐब. चालायला फरक पडतो का, हा प्रश्नच नाही. एजंटचं 'नाव लागलं' आणि फिकहचा ऐब, दोन्ही एकच. आणि ऐब माहीत असला तर तो सांगावा लागतो. पैगंबर साहेबांचा बाजारातला प्रसंग बहुतेकांना माहीत असेल. धान्याची रास होती, त्यांनी आत हात घातला, तर खालचं धान्य ओलं लागलं. विकणारा म्हणाला, पाऊस लागला. मग ओलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असं त्यांनी विचारलं, आणि जो फसवतो तो आपल्यातला नाही, असं बजावलं. या प्रसंगात मला नेहमी एक गोष्ट लक्षात राहते. पाऊस त्या माणसानं पाडला नव्हता. त्याचंही नुकसानच झालं होतं, आभाळातून आलेलं. तरीही ओलं वर ठेवायचं काम त्याचंच.

आता घरातल्या बोलण्याकडे येते. माझे दीर मोबाइलचं दुकान चालवतात, व्यवहारी आहेत, आणि वाईट माणूस मुळीच नाहीत. ते म्हणाले, "भाभी, अपन झूट कहाँ बोल रैं? पूछा तो बताएंगे." विचारलं नाही तर गप्प. शिवाय पावतीवर 'जशी आहे तशी पसंत करून घेतली' असं लिहून घ्यायचं. मौलानांनाच विचारा, हनफी मसलकमध्ये सगळ्या ऐबांची जबाबदारी झटकून विकलेलं चालतं, असंही त्यांनी सुनावलं. ते चूक नव्हते. मजल्लातही तशी मुभा आहे. अशी अट घालून विकलं तर घेणाऱ्याला नंतर माल परत करता येत नाही.

आपला देशातला कायदाही जवळपास दिरांच्याच बाजूचा आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात फसवणुकीच्या सतराव्या कलमाखाली एका घोड्याची उदाहरणं दिली आहेत. वकील नसलेल्यांनीही ती वाचावीत. एकानं दुसऱ्याला लिलावात घोडा विकला. घोड्यात खोट आहे हे विकणाऱ्याला माहीत आहे, पण तो काही बोलला नाही. ही फसवणूक नाही. पुढचं उदाहरण: घेणारी विकणाऱ्याची मुलगी आहे, नुकतीच सज्ञान झालेली. इथे सांगणं त्याचं कर्तव्य आहे, कारण नातंच तसं आहे. आणि तिसरं: घेणारा म्हणाला, तुम्ही नाही म्हटलं नाहीत तर घोडा निकोप आहे असं मी धरतो, आणि विकणारा गप्प राहिला. तिथे गप्प राहणं म्हणजे बोलणंच. दीडशे वर्षांपूर्वीचा हा घोडा काढून तिथे वॅगन-आर ठेवा, काही बदलावं लागत नाही. पुट्टी मारून मुद्दाम लपवलं तर कायदा पकडतो. नुसतं गप्प राहणाऱ्याला सहसा सोडतो. मुलीला मात्र सांगायलाच हवं.

मी दिरांना हे वाचून दाखवलं, तर ते खूश झाले. म्हणाले, बघा, घेणारा काही आपली मुलगी नाही.

फिकहमध्ये या ठिकाणी दोन शब्द येतात, क़ज़ा आणि दियानत. काझीसमोर काय टिकेल ते क़ज़ा. अल्लाहसमोर काय टिकेल ते दियानत. 'जशी आहे तशी' काझीसमोर टिकतं. माहीत असलेला ऐब लपवल्याचा गुन्हा मात्र त्यानं धुतला जात नाही. उर्दूत आपण प्रामाणिक माणसाला दियानतदार म्हणतो ते इथूनच. हे मी बोलले तेव्हा माझे पती इतका वेळ गप्प होते ते म्हणाले, "मग एजंटला देऊन टाकू. त्याला तर सगळं सांगितलंय. आपण मोकळे."

खरंच मोकळे झालो असतो का? मी एजंटला फोन केला आणि सरळ विचारलं, तुम्ही ही गाडी पुढे काय सांगून विकणार? तो हसला. "ते आम्ही बघतो, मॅडम." म्हणजे आमच्याकडून ७५ हजार कापायचे अपघाताच्या नावानं, आणि पुढच्याकडून तेच ७५ हजार घ्यायचे अपघात नाही या नावानं. किंमत गायब झाली, असं मी मघाशी तुर्की शब्दावरून लिहिलं. पण ती गायब होत नाही. ऐब जो शेवटी लपवतो त्याच्या खिशात ती जाते. आरसी बुकावर अपघाताचा रकाना नसतो. गाडीबरोबर ही माहिती पुढे जाते ती फक्त माणसाच्या तोंडून, आणि साखळीत एकानं तोंड मिटलं की ती कायमची संपते.

म्हणून ठरलं, की थेट घेणाऱ्यालाच विकायची आणि ऐब सांगून विकायची. दिरांनी हात टेकले, पण जाहिरात त्यांनीच टाकली.

पहिला फोन जयसिंगपूरहून आला. मागून धडक बसली होती म्हणताच "बघतो" म्हणाला, पुन्हा फोन नाही. दुसऱ्यानं गाडी पाहिली, २ लाख ६० म्हणाला, आणि आम्ही अडलेले आहोत असं समजून तीन दिवस त्याच आकड्यावर बसून राहिला. तेवढ्यात कॉलेजची फी भरायची तारीख आली. ती आम्ही माझ्या पतसंस्थेतून उचल घेऊन भरली, व्याजासकट. खरं बोलल्याची बरकत लगेच दुसऱ्या दिवशी दारात येऊन उभी राहते, असे किस्से वाझमध्ये ऐकायला मिळतात. आमच्याकडे तरी पाच आठवडे कुणी आलं नाही.

मग कुपवाडच्या एमआयडीसीत काम करणारा एक तरुण आला. सोबत वडील. वडिलांचं मिरजेत आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, रिक्षात चढता-उतरता येत नाही, म्हणून त्याला उंच सीटची गाडी हवी होती. त्यानं इंजिन विचारलं नाही, रंगाचं यंत्र आणलं नाही, अपघाताचंही विचारलं नाही. वडिलांना पुढच्या सीटवर बसवून पाहिलं, उतरवून पाहिलं. मग डिकी उघडली आणि टेपनं मोजायला लागला. घडीची व्हीलचेअर आडवी बसेल का, एवढंच त्याला पाहायचं होतं.

मी त्याला टेप बाजूला ठेवायला सांगितला आणि चटई उचलली. हे वेल्डिंग बघा, म्हटलं. इथून इथपर्यंत पत्रा बदललेला आहे. कधी, कसा, किती खर्च आला, ते सांगितलं आणि गॅरेजचं बिल हातात दिलं. त्याचा चेहरा उतरला. एवढा वेळ तो खूश होता. वडील गाडीला टेकून उभे होते, ते काही बोलले नाहीत. त्यानं विचारलं, "मग विकताय का? चालत नाही का नीट?" सांगणारा माणूस त्याला भेटला नसावा. सांगितलं म्हणजे आणखी काही मोठं लपवलेलं असणार, असं त्याला वाटलं. त्याला मी म्हटलं, तुमच्या मेकॅनिकला दाखवा, गाडी घेऊन जा. तो घेऊन गेला. मेकॅनिकनं लिफ्टवर चढवून खालून पाहिली, चॅसी सरळ आहे म्हणाला, गंजरोधक पुन्हा मारून घ्या म्हणाला. ३ लाख १५ हजारांवर सौदा झाला. म्हणजे ५० हजार गेले, कुणीच ज़ामिन नसलेले.

पैसे बँकेत जमा झाल्यावर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या. दिरांनी पावती लिहिली. त्यात मी एक ओळ घालायला लावली: जानेवारी २०२२ मध्ये मागून धडक बसून डिकीचा पत्रा बदलला आहे, हे घेणाऱ्यास दाखवले व सांगितले. तो तरुण पावती वाचत होता. त्या ओळीवर थांबला.

"ताई, हे लिहायलाच पाहिजे का?" तो म्हणाला. "मला पुढं विकायची झाली तर अडचण होईल."

दीर माझ्याकडे बघून हसले. मी म्हटलं, तुमच्या प्रतीत नको असेल तर नका ठेवू, माझ्या प्रतीत राहू दे, आणि तिच्यावर सही करा. त्यानं थोडा विचार केला. मग दोन्ही प्रतींवर सही केली, एक घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली, आणि वडिलांना बसवायला दार उघडलं.